गंजलं म्हणजे मोडलं नव्हे

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत फिटर म्हणून उमेदीची वर्षं घालवलेल्या एखाद्या आजोबांच्या घरी, जिन्याखाली किंवा गच्चीवर, जुना बेंच व्हाइस पडलेला तुम्ही पाहिला असेल. आयटीआयमध्ये फिटरचं शिक्षण सुरू होतं ते याच व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळून, त्यावर कानस चालवत. आता घरचे म्हणतात, "गंजलाय, देऊन टाका भंगारात." माझं मत वेगळं आहे. गंजलेलं आणि मोडलेलं यांतला फरक ओळखल्याशिवाय कोणतीही वस्तू भंगारात घालू नये. हा फरक शिकायला जुना व्हाइस फार चांगला.

व्हाइसचं अंग बहुधा बिडाचं असतं. बीड दाब भरपूर सोसतं, पण ते ठिसूळ. जोराचा घाव बसला तर वाकत नाही, तडकतं. म्हणून आधी तडा शोधा. अंग स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडं पुसा आणि खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूत उमटतं, ओलसर रेघ दिसते. (हे काम विस्तवापासून दूरच करायचं!) जबड्याच्या मुळाशी अशी रेघ दिसली तर तो व्हाइस खुशाल भंगारात द्या. ओतशाळेत त्याचं बीड पुन्हा वितळेल.

तडा नसेल तर तो खोला. हँडल उलटं फिरवत नेलं की सरकता जबडा बाहेर येतो. तो जड असतो, खालून आधार द्या, नाहीतर पायावर पडेल. हँडल फिरतं पण जबडा आवळत नाही, तेव्हा बहुतेक वेळा नटाचे आटे झिजलेले असतात. नट वेगळा बसवलेला असतो, बदलता येतो. बऱ्याच व्हाइसच्या जबड्यांवरच्या पोलादी पट्ट्याही स्क्रू काढून बदलता येतात. म्हणजे झिजणार काय, हे बनवणाऱ्याने आधीच ओळखलं होतं.

गंज तारेच्या ब्रशने काढा, आट्यांना ग्रीस द्या. जुना रंग मात्र कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. व्हाइस त्याहून जुना असणार. आणि चकचकीत रंग दिला म्हणजे दुरुस्ती झाली असं समजू नका. जबडे सारखे मिटतात का, तुकडा घट्ट धरतात का, ते बघा.

तुम्ही म्हणाल, "सर, नवा मिळतो की बाजारात!" मिळतो. पण आतली रचना का तशी आहे, हे नवा व्हाइस विकत घेऊन कळत नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत विज्ञान शिकता यावं म्हणूनच. तेच काम घरच्या एका कोपऱ्यातही होऊ शकतं.

खंडेनवमीला आपण हत्यारांना हळद-कुंकू वाहतो. यंदा त्याआधी एक काम करा. घरातलं एक गंजलेलं हत्यार मोठ्यांच्या सोबतीने खोला, तपासा, आणि मगच ठरवा, पूजेला ठेवायचं की भंगारात द्यायचं.