भिंतीच्या रंगाची निवड

घर रंगवताना मोतिया आणि हस्तिदंती अशा दोन फिक्या छटांपाशी निर्णय अडतो. पहिलीत राखाडी झाक असते, दुसरीत पिवळसर. परंतु दुकानातील शेड कार्डावर दोन्ही जवळजवळ सारख्या दिसतात. तेव्हा ‘कोणतीही चालेल’ असे म्हणून निवड उरकली जाते. ही घाई योग्य नव्हे. कारण भिंतीचा रंग पुढे अनेक वर्षे डोळ्यांसमोर राहतो.

रंगाचे रूप प्रकाशावर अवलंबून असते. भारतात उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीत थेट ऊन फारसे येत नाही. तेथील किंचित निळसर उजेडात मोतिया छटा उदास भासते, तर हस्तिदंती ऊबदार वाटते. पश्चिमेच्या खोलीत सायंकाळच्या तांबूस उन्हाने हस्तिदंती अधिकच पिवळी दिसते. तेथे मोतिया शोभते. ६५०० केल्व्हिनचा पांढरा दिवा आणि २७०० केल्व्हिनचा पिवळा दिवा यांखालीही हाच फरक जाणवतो.

म्हणून दोन्ही छटांचे फूटभर चौकोन प्रत्यक्ष भिंतीवर रंगवावेत, वाळू द्यावेत आणि सकाळी, सायंकाळी व रात्री पाहावेत. यात दोन दिवस जातात, अशी तक्रार होईल. पण नावडती भिंत पुन्हा रंगवण्याचा खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पैसे देणारा बहुधा रंग ठरवतो आणि दिवसभर त्या खोलीत वावरणाऱ्या गृहिणीला किंवा वृद्धांना कोणी विचारत नाही. वस्तुतः पहिला कौल त्यांचाच असला पाहिजे.