भिंत पांढरी की निळी?

येत्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वर्गाला रंग द्यायचा आहे. पांढरा चुना द्यावा की गडद निळा ऑइलपेंट, यावर मागच्या पालकसभेत पुष्कळ बोलणे झाले. बरेच पालक निळ्याच्या बाजूचे होते. का, तर निळ्यावर मळ दिसत नाही! मला हे पटले नाही. सभेत मुलांनी बोलायचे नसते, म्हणून इथे लिहितो.

आमच्या वर्गाला खिडकी एकच, तीही पूर्वेला. दुपारी चारच्या सुमारास मागच्या ओळीतल्याला फळ्यावरचा ३ आहे का ८, कळत नाही. माझा मित्र तिथेच बसतो. चाचणीत त्याने फळ्यावरून गणित उतरवून घेतले आणि बरोबर सोडवलेसुद्धा. पण आकडा चुकलेला, म्हणजे गणितच दुसरे! गुण शून्य.

गुरुजींना विचारून आम्ही एक प्रयोग केला. खिडकीसमोरच्या भिंतीवर आईचे गडद निळे लुगडे टांगले व मागे बसून पुस्तक वाचले. बारीक अक्षर लागेना. मग लुगडे काढून आजोबांचे पांढरे धोतर लावले, तर तेच अक्षर डोळे न ताणता वाचता आले. पांढरी वस्तू आपल्यावर पडलेला बहुतेक उजेड परत फेकते, गडद वस्तू बराचसा शोषून घेते. एका खिडकीतून येऊन येऊन उजेड येणार किती? तोही भिंतीनेच गिळला तर आम्ही काय करायचे?

काही मुली म्हणतात, निळा थंड वाटतो. निळा मलाही आवडतो. आमच्या घरचे दार निळेच आहे. पण दाराकडे बघून कोणी गणित सोडवत नाही.

चुना अंगाला लागतो, हे मात्र खरे. सदऱ्याची पाठ पांढरी झाली की घरी बोलणी खावी लागतात. आमची आजी चुन्यात डिंकाचे पाणी घालते, म्हणजे तो कमी निघतो. तरी माझे म्हणणे असे, की जमिनीपासून तीन फुटांपर्यंत निळा ऑइलपेंट द्यावा. बसकरावर बसून पाठ टेकते ती तेवढ्यातच, आणि मळला तर ओल्या फडक्याने पुसता येतो. त्याच्या वर सगळा पांढरा चुना.

पालकहो, पुढच्या सभेला याल तेव्हा शेवटच्या ओळीत बसा, आणि चार वाजता फळ्यावरची तारीख वाचून बघा.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी