‘साउथ मुंबई’ आणि ‘साउथ ऑफ मुंबई’ यांच्यामध्ये समुद्र आहे! इंग्रजीत दिशा लिहिताना नेमकं काय चुकतं?

3 जून 2020. दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्या दिवशी टीव्हीच्या पट्टीवर आणि मोबाइलच्या नोटिफिकेशनमध्ये एकच नाव फिरत होतं, अलिबाग. हवामान खात्याच्या इंग्रजी नोंदीत मात्र अलिबागच्या आधी दोन छोटे शब्द होते, ‘साउथ ऑफ’. वादळाने किनारा ओलांडला तो अलिबागच्या दक्षिणेकडे. अलिबागलाही तडाखा बसला, पण नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या त्या मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, म्हसळ्यात आणि रत्नागिरीतल्या मंडणगड-दापोलीत. अलिबाग ते श्रीवर्धन हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजलं तरी साधारण 65 किलोमीटर भरतं.

नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट हे शब्द कुणाला येत नाहीत? पहिलीतलं पोरही सांगेल. पण हे शब्द वाक्यात बसवायचे म्हटलं की चांगल्या शिकलेल्यांचीही गडबड होते. हा प्रकार व्याकरणाच्या पेपरातला दोन मार्कांचा प्रश्न म्हणून सोडून दिला जातो. पण त्याचा परिणाम जमिनीच्या कागदापासून वादळाच्या इशाऱ्यापर्यंत कुठेही होऊ शकतो.

सगळा घोळ ‘ला’चा

कुलाबा मुंबईच्या दक्षिणेला आहे. अलिबाग मुंबईच्या दक्षिणेला आहे. मराठीत दोन्ही वाक्यं बिनचूक आहेत आणि दोन्ही खरी आहेत. कुलाबा शहराच्या आत आहे आणि अलिबागला जायला गेटवेवरून बोट पकडावी लागते, हे वाक्य सांगत नाही. ते ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून आपलं भागतं.

इंग्रजीत असं भागत नाही. जागा आत आहे की बाहेर, हे तिथे बोलणाऱ्याला आधी ठरवावं लागतं. कुलाबा ‘इन द साउथ ऑफ मुंबई’ आणि अलिबाग ‘साउथ ऑफ मुंबई’, किंवा ‘टू द साउथ ऑफ मुंबई’. एका ‘इन’चा फरक. तो घातला की गाव शहराच्या हद्दीत येतं, काढला की समुद्रापलीकडे जातं.

शाळकरी निबंधात हमखास सापडणारं वाक्य म्हणजे ‘गोवा इज इन द साउथ ऑफ महाराष्ट्र’. वाचायला निरुपद्रवी वाटतं. पण त्याचा अर्थ होतो, गोवा हा महाराष्ट्राचाच दक्षिणेकडचा भाग आहे. ज्या प्रश्नावर जानेवारी 1967 मध्ये गोव्यात रीतसर मतदान झालं आणि गोवेकरांनी विलीनीकरण नाकारलं, तो प्रश्न हा विद्यार्थी दोन अक्षरांत निकाली काढतो! कोल्हापूर ‘इन द साउथ ऑफ महाराष्ट्र’, गोवा ‘टू द साउथ ऑफ महाराष्ट्र’, असं हवं.

यावर स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्ये एक सोपा तोडगा पाठ करायला दिलेला असतो: आत असेल तर ‘इन’, हद्दीला चिकटून असेल तर ‘ऑन’, लांब असेल तर ‘टू’. मुलं तो घोकतात आणि ‘मध्य प्रदेश इज ऑन द नॉर्थ ऑफ महाराष्ट्र’ असं लिहितात. मार्क मिळतात, पण इंग्रजी वाचणारा तिथे अडखळतो. हा नियम अर्धाच खरा आहे. शेजारचं राज्य चिकटून असलं तरी ‘टू द नॉर्थ ऑफ’ हेच सहज इंग्रजी आहे. गोवाही महाराष्ट्राला चिकटलेलाच आहे की. ‘ऑन’ शोभतो तो कडेबद्दल, बाजूबद्दल बोलताना. महाराष्ट्र ‘बाउंडेड ऑन द वेस्ट बाय द अरेबियन सी’ आहे, रत्नागिरी ‘ऑन द वेस्ट कोस्ट’ आहे.

अंतर सांगितलं की ‘टू द’ची गरजच उरत नाही. ‘सातारा इज अबाउट 110 किलोमीटर्स साउथ ऑफ पुणे’, झालं. आणि ‘तो दक्षिणेला गेला’चं ‘ही वेंट टू साउथ’ होत नाही. ‘वेंट साउथ’ म्हणजे त्या दिशेने गेला, ‘वेंट टू द साउथ’ म्हणजे दक्षिण भारतात किंवा त्या त्या देशाच्या दक्षिण भागात गेला. मधलं काही नाही. त्यात ‘सेल्स वेंट साउथ’ असं अर्थविषयक बातमीत आलं तर विक्री कुठेही गेलेली नसते, ती नुसती घसरलेली असते. मशीनकडून भाषांतर करून घेणाऱ्यांनी इथे विशेष जपावं.

विहीर आत की बाहेर?

हे सगळं निबंधापुरतं असतं तर सोडून देता आलं असतं. पण खरेदीखत उघडून बघा. त्यात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस अमुक गट नंबर, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस विहीर, उत्तरेस शिवरस्ता. गावात हा कागद वाचणाऱ्याला शंका येत नाही. चतुःसीमा म्हणजे आपली जमीन जिथे संपते तिथून पुढे काय आहे, हे त्याला ठाऊक असतं. म्हणजे ती विहीर शेजाऱ्याची.

आता समजा, याच कागदाचं इंग्रजी करायची वेळ आली. मुलगा परदेशात आहे, त्याला मुखत्यारपत्राच्या आधी समजून घ्यायचंय, किंवा वाटणीचा मसुदा इंग्रजीत होणार आहे. कुणीतरी हौशी माणसाने ‘दक्षिणेस विहीर’चं ‘अ वेल इन द साउथ ऑफ द लँड’ करून दिलं. विहीर कुंपणाच्या आत आली! मुलगा तिकडे बसून हिशेब करतो की आपल्याला पाण्यासकट जमीन मिळते आहे. इकडे काकांना पत्ताच नाही की पुतण्या विहिरीवर हक्क सांगायला येणार आहे. भावकीतली भांडणं याहून लहान गोष्टींवर पेटलेली आहेत.

वकिली इंग्रजीची एरवी कितीही थट्टा होवो, इथे तिचा जुना साचा पक्का आहे. ‘बाउंडेड अॅज फॉलोज’ म्हणून मग ‘ऑन ऑर टुवर्ड्स द ईस्ट’, ‘ऑन ऑर टुवर्ड्स द वेस्ट’ अशा चार ओळी. ‘बाउंडेड’ या एका शब्दाने सांगितलेलं असतं की पुढे येणारं सगळं हद्दीच्या बाहेरचं आहे. चतुःसीमाचं इंग्रजी करताना हाच साचा वापरावा, नवी वाक्यं रचण्याच्या भानगडीत पडू नये.

‘आय लिव्ह इन द वेस्ट’

मुंबईकराची आणखी एक वेगळीच अडचण आहे. त्याच्या डोक्यातलं होकायंत्र रेल्वेच्या रुळांवर चालतं. रुळांच्या एका अंगाला ईस्ट, दुसऱ्या अंगाला वेस्ट. ‘वेस्टला राहतो’ म्हटलं की अंधेरीतल्या माणसाला सगळं कळतं. पण परदेशातल्या इंटरव्ह्यूमध्ये ‘आय लिव्ह इन द वेस्ट’ म्हटलं तर समोरच्याला वाटणार, हा युरोप-अमेरिकेत राहतो. तिथे पूर्ण नाव घ्यावं, ‘अंधेरी वेस्ट’. ते विशेषनाम आहे, म्हणून इंग्रजीत ‘वेस्ट’चं पहिलं अक्षर मोठं.

मोठ्या-लहान अक्षराचा हा मुद्दा मराठी माणसाच्या नजरेतून निसटतो, कारण देवनागरीत तशी सोयच नाही. नुसती दिशा असेल तर लहान अक्षर, प्रदेशाचं नाव झालं असेल तर मोठं. ‘हेड साउथवेस्ट’ असं गूगल मॅप्स सांगतं तेव्हा ती दिशा असते. (भर दुपारी अनोळखी गल्लीत उभ्या असलेल्या माणसाला नैऋत्य कुठली, हे कसं कळावं, हा प्रश्न वेगळा. तो दोन पावलं चालून निळा ठिपका कुठे सरकतो ते बघतो आणि चुकलं तर मागे फिरतो.)

‘साउथ’ आणि ‘सदर्न’ यांच्यातला फरक तर बातम्यांमध्ये रोज मार खातो. 2024 मध्ये ‘सदर्न आफ्रिका’त मोठा दुष्काळ पडला. झांबिया, मलावी, झिम्बाब्वे या देशांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. आता याची मराठी बातमी ‘दक्षिण आफ्रिकेत दुष्काळ’ अशी केली, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे जोहान्सबर्ग आणि क्रिकेटची टीम येते. ‘साउथ आफ्रिका’ हा एक देश, ‘सदर्न आफ्रिका’ हा अनेक देशांचा पट्टा. मराठीत दोन्हींना ‘दक्षिण आफ्रिका’च म्हणावं लागत असेल तर सरळ ‘आफ्रिकेच्या दक्षिण भागातले देश’ असं लिहावं, जागा थोडी जास्त लागली तरी.

आयर्लंडमध्ये तर गंमतच आहे. त्या बेटाचं सगळ्यात उत्तरेचं टोक, मॅलिन हेड, ‘नॉर्दर्न आयर्लंड’मध्ये येतच नाही. ते डोनेगल काउंटीत, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकात आहे. त्यामुळे डोनेगल ‘इन द नॉर्थ ऑफ आयर्लंड’ आहे, पण ‘इन नॉर्दर्न आयर्लंड’ नाही.

वारा कुठून, प्रवाह कुठे?

दिशेच्या शब्दांतली सगळ्यात धोकादायक चूक वाऱ्याच्या बाबतीत होते, कारण ती थेट 180 अंशांची असते. इंग्रजीत वाऱ्याला तो जिथून येतो त्या दिशेचं नाव मिळतं. ‘वेस्टर्ली विंड’ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ‘साउथवेस्ट मान्सून’ नैऋत्येकडून आपल्याकडे येतो. पण ‘वेस्टवर्ड’ म्हणजे पश्चिमेच्या दिशेने जाणारं. शेवटचं ‘ली’ आणि ‘वर्ड’ एवढाच फरक, आणि अर्थ बरोबर उलटा. त्यात दर्यावर्दी लोकांची रीत अशी की वाऱ्याला ‘कुठून’चं नाव आणि समुद्राच्या प्रवाहाला ‘कुठे’चं.

म्हणून ‘ईस्टर्ली विंड्स’चं ‘पूर्वेकडे वाहणारे वारे’ असं भाषांतर झालं तर काय होतं, ते कोकण किनाऱ्यावर उभं राहून पाहावं. पूर्वेकडून येणारा वारा होडीला खोल समुद्रात लोटतो, पश्चिमेकडून येणारा किनाऱ्याकडे आणतो. छोट्या होडीतल्या मच्छीमाराला या दोन वाक्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. गंमत म्हणजे साध्या मराठीत ही अडचण मुळात नव्हतीच. ‘पश्चिमेचा वारा’ म्हटलं की तो पश्चिमेकडून आलेला, हे त्या ‘चा’मधूनच कळतं. इंग्रजीवरून घाईने उलथं केलं की ‘चा’ जातो आणि ‘कडे’ येतो.

चक्रीवादळाच्या बुलेटिनमध्ये याच्या जोडीला 16 दिशा असतात. 360 अंशांचे 16 भाग केले की प्रत्येकी 22.5 अंश. मराठीत आठ दिशांना स्वतंत्र, देखणी नावं आहेत. ‘वेस्ट-साउथवेस्ट’साठी मात्र ‘पश्चिम-नैऋत्य’ अशी जोडी करावी लागते. पहिला शब्द महत्त्वाचा: नैऋत्येपेक्षा पश्चिमेकडे झुकलेली दिशा. ‘बारकावा जाऊ दे’ म्हणून नुसतं ‘नैऋत्येला’ लिहिलं तर? वादळ मुंबईपासून 300 किलोमीटरवर असेल, तर 22.5 अंशांच्या फरकाने त्याची जागा जवळपास 117 किलोमीटर सरकते. (त्यात हल्ली नैऋत्य, ईशान्य असे शब्द हाताशी असताना हिंदीच्या वळणाने ‘दक्षिण-पश्चिम’ आणि ‘उत्तर-पूर्व’ लिहिण्याची खोड लागली आहे. त्या हिशेबाने ‘साउथ-साउथवेस्ट’चं ‘दक्षिण-दक्षिण-पश्चिम’ होतं. वाचणाऱ्याने बोटं मोजायची का?)

आणि इथेही तो ‘ला’ पुन्हा आडवा येतोच. वादळ ‘ईशान्येला आहे’ आणि वादळ ‘ईशान्येला सरकलं’. बुलेटिनच्या इंग्रजीत पहिल्याला ‘लाय नॉर्थईस्ट ऑफ’ असतं, दुसऱ्याला ‘मूव्ह नॉर्थईस्टवर्ड्स’. एक जागा सांगतं, दुसरं वाट सांगतं. अरबी समुद्रातलं वादळ मुंबईच्या नैऋत्येला असतं आणि ईशान्येकडे सरकतं तेव्हाच मुंबईकरांच्या पोटात गोळा यायला हवा. नुसतं ‘वादळ ईशान्येला’ असं नोटिफिकेशन वाचून घाटकोपरचा माणूस खिडकीतून ठाण्याच्या दिशेने बघत बसेल.

मग शिकवायचं कसं?

दिशा भूगोलाच्या तासाला शिकवतात आणि इन-ऑन-टू इंग्रजीच्या तासाला. भूगोलात आराखडा नकाशा भरून घेतात, इंग्रजीत रिकाम्या जागा. दोन्ही एकत्र आणायला नवा अभ्यासक्रम लागत नाही. महाराष्ट्राचा कोरा नकाशा फळ्यावर लावायचा, कोल्हापूर, गोवा आणि रत्नागिरी यांवर बोट ठेवायचं आणि प्रत्येकासाठी एक इंग्रजी वाक्य बोलायला लावायचं. बोट हद्दीच्या आत आहे, बाहेर आहे की किनाऱ्याच्या रेषेवर, हे मुलाला दिसतं आणि शब्द त्यामागून येतो.

न्यूज डेस्कवरही तेच. मे संपत आला की अरबी समुद्रावरची बुलेटिन येऊ लागतात, रात्री-अपरात्री, आणि पाच मिनिटांत मराठी कॉपी लागते. तेव्हा दुसऱ्या टॅबमध्ये नकाशा उघडा ठेवावा. ‘साउथ ऑफ’ दिसलं की गावाचं नाव लिहिण्याआधी त्या गावाच्या खाली किनाऱ्यावर कोणकोणती गावं आहेत ती बघावी आणि त्यांची नावं पहिल्या ओळीत घ्यावीत. श्रीवर्धनच्या माणसाने ‘अलिबाग’ वाचून निवांत झोपू नये, एवढ्यासाठी.