चार्जरचंही वजन करा
या आठवड्यात भाचीसाठी गेमिंग लॅपटॉप बघत होतो. नोकरीपायी तिचं सतत पुणे-नागपूर चालू, आणि रात्री खेळल्याशिवाय तिला चैन पडत नाही. दुकानदार पडद्याचे रंग दाखवत राहिला, चार्जर मात्र खोक्यातच. ती वीट आधी बाहेर काढायला लावा, पाठीवर तीही येणार आहे! आणि ग्राफिक्स कार्डाच्या नुसत्या नावावर भाळू नका. लॅपटॉपमधलं ‘आरटीएक्स ४०५०’ ३५ वॅटचंही असतं आणि ११५ वॅटचंही. स्टिकर तोच, वेग वेगळा. बारीक अक्षरातला तो आकडा न सांगता लॅपटॉप विकणं मला सरळ चुकीचं वाटतं. रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा असला की पुढे स्वस्तात भागतं. कीबोर्डच्या रंगीत दिव्यांसाठी मात्र एक रुपयाही जास्त मोजू नका.