दारात गंजलेली फियाट : किंमत पत्र्याची की कागदाची?



२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेल्या मुंबईच्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. वर्तमानपत्रांनी तिचे खूप कौतुक केले. पण कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी आपण 'फियाट' म्हणूनच ओळखतो, आणि ती काही फक्त मुंबईत नव्हती. आपल्या शहरातही काही घरांसमोर ती अजून गंजत उभी आहे. जुनी म्हणजे मौल्यवान, असा समज आता पसरू लागला आहे. म्हणून आज हा विषय घेतला.

पुंडलिकनगरातल्या एका भगिनीचे उदाहरण पाहा. पती वारले, मागे १९८४ च्या नोंदणीची पद्मिनी राहिली. सहा वर्षे ती कडुलिंबाखाली उभी आहे. एक भंगारवाला म्हणाला, "दहा हजार घ्या, आत्ता उचलतो." दुसरा दलाल म्हणाला, "ताई, ही व्हिंटेज आहे, तीन लाख येतील. आधी कागदांसाठी पंधरा हजार द्या." आरसी कोणाच्या नावावर आहे, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही.

आधी 'व्हिंटेज' शब्दाचा अर्थ समजून घ्या. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते. १९८४ ची गाडी २०३४ पूर्वी त्यात बसत नाही. शिवाय तशी नोंदणी झाली तरी गाडी रोज वापरता येत नाही. फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांपुरती ती रस्त्यावर आणता येते. नव्याने व्हिंटेज नोंदणी करण्याची फीच २०,००० रुपये ठरलेली आहे. दलाल हे सांगत नाही.

आता कागद. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी करावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागते. लग्न झालेल्या मुलीही वारस आहेत, त्यांना वगळू नका. कायद्याने तीन महिन्यांत हा अर्ज करायचा असतो. उशीर झाला तर दंड भरावा लागतो, पण काम होते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हवा. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ भरावा. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण असते. ते किती वर्षे राहिले, पर्यावरण कर किती थकला, हे आरटीओत लेखी विचारा. जुनी नोंद संगणकावर चढली आहे का, हेही पाहा. नसेल तर ती आधी चढवून घ्यावी लागते.

मग पत्रा. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. तळ आणि सांगाडा एकच आहे. म्हणून दाराचा गंज आणि तळाचा गंज सारखा समजू नये. दार बदलता येते, पण तळ कुजला की गाडीची ताकदच गेली. पायाखालचे मॅट उचला. दाराखालची पट्टी आणि पुढच्या चाकांच्या वरचा भाग स्क्रूड्रायव्हरने हळूच टोचून पाहा. रंग चांगला दिसत असेल तर फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी भरलेली आहे. चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहा. गंजाने तो खाल्ला असेल तर परस्पर ठोकून घेऊ नका, चोरीच्या गाडीचा संशय येतो. आरटीओला कळवा.

शेवटी हिशोब. समजा, चालू स्थितीत अशा गाडीला १,६०,००० रुपये येतात. पत्राकाम आणि रंग ७०,०००, इंजिन-ब्रेक-वायरिंग ४०,०००, टायर-बॅटरी २५,०००, कागद १५,००० धरले, तर एकूण १,५०,००० झाले. पत्रा कापल्यावर आतला गंज दिसतोच, त्यासाठी पत्राकामाच्या चौथा हिस्सा, म्हणजे १७,५०० वेगळे ठेवा. खर्च १,६७,५०० झाला. म्हणजे पदरचे ७,५०० गेले. अशी गाडी दुरुस्त करणे म्हणजे कर्ज काढून हौस करणे. मात्र तिचे इंजिन, काचा, दिवे, मुठी यांना गिऱ्हाईक असते, कारण या गाड्या आता तयार होत नाहीत. भंगाराचा भाव मान्य करण्यापूर्वी दोन-तीन मिस्त्रींना विचारा.

भंगारात द्यायची ठरली तरी घाई नको. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, गाडी विकली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक. त्या गाडीने अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. दहा हजारांसाठी लाखोंचा दावा अंगावर घेऊ नये.

ज्यांच्याकडे आज चालू गाडी आहे त्यांनी एक काम करावे. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचे नाव नोंदवता येते. पत्नीचे नाव घालून ठेवा, पुढचे हेलपाटे वाचतील.

आणि कोणीही, कितीही ओळखीचा असो, कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सही मागितली तर देऊ नका. खरेदीदाराचे नाव, तारीख आणि रक्कम लिहिल्यावरच सही करा. स्वतःला वाचता येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलीकडून वाचून घ्या. आधी कागद, मग पत्रा आणि सर्वांत शेवटी पैसा, हा क्रम पाळला तर आपल्या माणसाच्या कष्टाच्या वस्तूचे योग्य मोल पदरात पडेल.