'सैराट'ची सिंफनी आणि शेवटची शांतता

न्यायालयात भेटायला आलेले एक जोडपे मला आठवते. मुलगी वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातीची, मुलगा आपला. त्यांना विशेष विवाह कायद्याची माहिती हवी होती. बोलता बोलता मुलीचा मोबाईल सारखा वाजत होता. रिंगटोन 'याड लागलं'ची, फोन भावाचा. सुरावट सुरू झाली की ती दचकायची. तेव्हापासून 'सैराट'चे संगीत मला पूर्वीसारखे ऐकता येत नाही.

नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी आला. त्यासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद वाजवून घेतला. हॉलीवूडच्या साहसपटात नायकाने समुद्र ओलांडला की व्हायोलिनचा ताफा आणि पितळी वाद्ये उसळतात. इथे ती करमाळ्याकडच्या विहिरीत उडी मारणाऱ्या मच्छीमाराच्या पोरासाठी उसळली. गरिबाच्या पोराच्या प्रेमाला एवढी श्रीमंती क्वचितच मिळाली. त्याचे मोल कमी लेखू नये.

पण भारावून जाणेही परवडणारे नाही. हे संगीत आपल्याला काय वाटायला हवे ते आधीच सांगून टाकते. तंतुवाद्यांची लाट चढली की समजावे, आता हुरळायचे. त्या लाटेत पाटलाची पोर आणि मच्छीमाराचा पोर यांच्यातली जात विरघळते. विरघळते ती कानात, गावात नाही. 'झिंगाट'वर थिएटरात सगळ्या जातींची पोरे नाचली. आपल्या जिल्ह्यातल्या वरातींतही ते वाजले, आणि त्या वराती बहुतेक जातीतल्या जातीतच निघाल्या.

दिग्दर्शकाला हे कळत होते, असे माझे मत आहे. चारही गाणी पूर्वार्धातच संपतात. पोरे हैदराबादला पळतात, झोपडपट्टीत राहतात, राबतात, भांडतात. तिथे गाणे नाही. शेवटी रक्ताळलेल्या पावलांनी लहान मूल दाराबाहेर येते, तेव्हा तर आवाजच नाही. रडायला एकही व्हायोलिन मदतीला येत नाही. प्रेक्षक उघडा पडतो. आधीची सिंफनी एवढी गोड नसती, तर ही शांतता एवढी बोचली नसती. आपण मात्र ती थिएटरातच सोडून आलो आणि 'झिंगाट' तेवढे घरी आणले.

आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त लिहिले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने वाट दिली, पण तीस दिवसांच्या नोटिशीसह. त्या जोडप्याचे तीस दिवस मी पाहिले. नोटीस कार्यालयाच्या फलकावर, आणि दोघे दर आठवड्याला नव्या घरात. त्या दिवसांना कसलेही पार्श्वसंगीत नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी प्रकरणात अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि चोवीस तास मदतवाहिनी उभारण्यास सांगितले. चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या जिल्ह्यातला कक्ष कुठे आहे, हे विचारले पाहिजे. 'याड लागलं'ची सुरावट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्या मदतवाहिनीचा क्रमांक किती जणांना पाठ आहे?