इंदूरचा धडा

स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूरने 2017 पासून सलग सात वेळा प्रथम क्रमांक मिळविला. सातव्या वेळी सुरत सहमानकरी होते. या यशाचे कौतुक आम्ही करतोच. परंतु होळकरांच्या या नगरीचे खताशी नाते फार जुने आहे. 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी तेथे यशवंत वाड यांच्या साहाय्याने पालापाचोळा, शेण, गोमूत्रमिश्रित माती व राख यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसविली. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती जगभर गेली.

तिचे मर्म कोणत्याही घराला साधण्याजोगे आहे. भोके पाडलेल्या माठात सुकी पाने व भाजीची देठे-साली यांचे थर द्यावेत, वर मूठभर माती पसरावी आणि आठवड्याला ढीग उलथावा. हवा कोंडली, की दुर्गंधी आलीच. आपल्या मुसळधार पावसात वर झाकण हवे. मासळीचे अवशेष मात्र आरंभी टाळावेत.

माडाच्या आळ्यात राख-पाचोळा घालणारी आपली पिढी अडाणी नव्हती. आज तोच पाचोळा प्लास्टिकच्या पिशवीतून रस्त्याकडेला जातो. मडगावच्या सोनसोड्यावर वर्षानुवर्षे साचलेला डोंगर अशा पिशव्यांनीच वाढला.

दोष केवळ नागरिकांचा नव्हे. घरी वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होत असेल, तर उपदेश व्यर्थ होत. पालिकांनी ती शिस्त प्रथम स्वतः पाळावी आणि घरी खत करणाऱ्यांना घरपट्टीत सवलत द्यावी, अशी आमची सूचना आहे.